लिस्बनला तारले खायला

लिस्बनला जायचं तर जूनमध्ये, आणि जूनमध्ये जायचं तर बारा-तेरा तारखेला, हे आमच्या लॅबमधल्या एका पोर्तुगीज मुलाने ऐन हिवाळ्यात माझ्या डोक्यात भरवलं. १३ जून हा सांतो आंतोनियोचा दिवस. हा संत जगभर पाद्वाचा म्हणून ओळखला जातो, कारण १२३१ साली त्याने देह ठेवला तो इटलीत, पाद्वाजवळ. पण जन्म लिस्बनचा, आणि लिस्बनकर आपला हक्क सोडायला तयार नाहीत. शहराचा अधिकृत रक्षक संत खरं तर दुसराच आहे, सांव विसेंत. त्याला बिचाऱ्याला कोणी विचारत नाही. आंतोनियो हरवलेल्या वस्तू शोधून देतो, अडलेली लग्नं जुळवतो, त्यामुळे त्याच्याकडे काम नसलेला माणूस विरळाच. त्याच्या सणाच्या आदल्या रात्री, म्हणजे १२ जूनला, जुन्या वस्त्यांत दारोदार शेगड्या पेटतात आणि उजाडेपर्यंत लोक रस्त्यावर सार्डिन भाजून खातात. सार्डिन म्हणजे आपले तारले. मी वेंगुर्ल्याची. पुढचं काही त्याला समजवावं लागलं नाही.

माझ्यासारख्या जर्मनीत शिकणाऱ्यांना कागदपत्रांची फारशी कटकट नसते. तिथलं रेसिडेन्स परमिट असलं की शेंगेनमधल्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, दुसऱ्या देशात १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा न काढता फिरता येतं. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत, एवढंच. खरी मारामारी होते ती खाटेसाठी. मी मार्चमध्ये बघायला घेतलं, तरी सणाच्या रात्रींचे हॉस्टेलचे दर आजूबाजूच्या तारखांच्या दुप्पट होते. आल्फामा, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त धमाल असते त्या जुन्या वस्तीत घरं भाड्याने दिसत होती, पण एका रात्रीच्या भाड्यात माझा महिन्याचा किराणा भरला असता. शेवटी आन्जुश भागात दहाजणींच्या खोलीत वरची खाट मिळाली. ज्यांना जायचं आहे त्यांना सांगते, आल्फामाच्या बाहेरच राहा. तिथे त्या रात्री झोप मिळत नाही, आणि सकाळी बॅग ओढत उतरायला पायऱ्या असतात त्या वेगळ्याच.

विमान स्वस्तातलं होतं. गेटवर बॅग मापाच्या चौकटीत बसवून दाखवायची होती, म्हणून मी बर्लिनच्या विमानतळावर जाकिटाच्या खिशांत चार्जर, टॉवेल आणि अर्धा किलो बाकरवडी भरून उभी होते. बाकरवडी पुण्याहून आलेल्या रूममेटची, ‘वाटेत खा’ म्हणून दिलेली. वाटेतच संपली.

लिस्बनला उतरलं की विमानतळातूनच मेट्रोची लाल लाइन सुटते. अर्ध्या युरोचं कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे, आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं. दोघांत एक चालत नाही. आलामेडाला हिरव्या लाइनवर बदललं की आन्जुश जवळच. स्टेशनच्या पायऱ्या चढून वर आले तर पहिला वास आला तो फोडणीचा. अल्मिरांत रैश हा लांबलचक रस्ता नेपाळी, बांगलादेशी, पंजाबी दुकानांनी भरलेला आहे. युरोपात पहिल्यांदा मला रस्त्यावर कोणी वळून पाहिलं नाही. उलट एका किराणावाल्याने थेट हिंदीत विचारलं, ‘नयी आयी हो?’

१२ तारखेची सकाळ मी बाकीच्या लिस्बनला दिली. सगळे सांगतात ती २८ नंबरची पिवळी ट्राम मी सोडून दिली. मार्तीम मोनीजला तिच्यासाठी लागलेली रांग चौकाला वळसा घालून गेली होती, आणि आत शिरणारी माणसं पाकिटावर हात ठेवूनच शिरत होती. तीच चढण चालत गेलात तर काही बिघडत नाही. बूट मात्र घसरणारे नकोत. इथले फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसॉल्टच्या लहान चौकोनी दगडांनी मढवलेले असतात, आणि वर्षानुवर्षांच्या पायांनी ते आरशासारखे गुळगुळीत झाले आहेत. बेलेंला जाऊन वास्को द गामाची कबर पाहिली. पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाने तिथे उभं राहून काय वाटून घ्यायचं, हे मला ठरवता आलं नाही. बाहेर येऊन पाश्तेल द नाता खाल्लं, कस्टर्ड भरलेली खुसखुशीत वाटी, वर दालचिनीची पूड. दालचिनी बघून मग जे वाटायचं ते वाटलं.

दुपारी सेला, म्हणजे शहराच्या जुन्या कॅथेड्रलला गेले, कारण तिथे लग्नं होती. सांतो आंतोनियोची लग्नं ही १९५८ साली एका वर्तमानपत्राने सुरू केलेली प्रथा: ज्यांना लग्नाचा खर्च झेपत नाही अशा जोडप्यांची लग्नं शहराने लावून द्यायची. १९७४ च्या क्रांतीनंतर ती बंद पडली, पुढे महापालिकेने पुन्हा चालू केली. काही जोडपी चर्चमध्ये, काही नगरपालिकेच्या इमारतीत नोंदणी पद्धतीने. चर्चसमोर गर्दीत उभं राहून मी नवऱ्या मुली उतरताना बघितल्या. एकीच्या झग्याचा घोळ गाडीच्या दारात अडकला आणि सोडवायला पोलीस धावला, तेव्हा शेजारच्या बायका ज्या तऱ्हेने ‘आई गं’ केल्यासारख्या ओरडल्या, त्यावरून कळलं की सगळ्यांच्या दृष्टीने ती आज घरचीच मुलगी होती.

तिथून वर पोर्ताश दु सोल या सज्जावर बसून घरी फोन लावला. लिस्बन आणि भारतात जूनमध्ये साडेचार तासांचं अंतर, त्यामुळे चारच्या आत लावला तर आई जेवणं उरकून मोकळी असते. खाली तेजू नदी इतकी रुंद की खाडीच वाटावी.

‘तारले खाऊक इतक्या लांब गेलंस?’ आई म्हणाली. ‘बंदी उठली की हयसर टोपलीभर गावतत.’

बंदी म्हणजे १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. या दिवसांत आमच्या घरी सुकट, खारे बांगडे नाहीतर कुर्ल्या. आणि पहिल्या पावसात ओहोळांना चढणीचे मासे. ‘बाबा काल राती बॅटरी घेवन गेले होते,’ आई म्हणाली, ‘भिजान इले आणि शिंका काढतत.’ मासे किती मिळाले ते तिने सांगितलं नाही, म्हणजे मिळाले नसावेत. तारला हा आमच्याकडे मानाचा मासा नाही. पाहुणे आले तर सुरमई, पापलेट. तारले घरच्यांसाठी, तिरफळं आणि सोलं घालून. आणि भरमसाट आले तर माडाच्या मुळात खत म्हणून जातात. लिस्बनमध्ये मात्र दुकानांच्या काचांवर सार्डिन, छत्र्यांवर सार्डिन, सरकारी पोस्टरवर सार्डिन. आईला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं: ‘नीट साफ केलेले मगे खा.’

अंधार पडायला नऊ वाजून जातात. त्या सुमाराला लिबर्दाद अव्हेन्यूवर मार्शा सुरू होतात. प्रत्येक जुन्या वस्तीचा एक ताफा: आल्फामा, बीका, मोरारिया, माद्रागोवा, मार्विला. ठरलेला वेष, स्वतःचं गाणं, स्वतःचे बँडवाले, आणि हातांत रंगीत कागदांनी सजवलेल्या उंच कमानी, ज्या नाचता नाचता पेलायच्या. १९३२ पासून वस्त्यांमध्ये याची स्पर्धा लागते आणि ती अगदी जिवावर उदार होऊन लढली जाते. बसायच्या स्टँडला तिकीट, कठड्यामागे उभं राहायला फुकट. मी फुकटात होते. माझ्यासमोर एक आजोबा घडीची शिडी घेऊन आले होते. ती मांडून वर चढले आणि प्रत्येक ताफ्याला खालच्या लोकांसाठी मोठ्याने मार्क देऊ लागले. दुपारची नवपरिणीत जोडपीही मिरवणुकीत चालत गेली. झगा अडकलेली मुलगी दिसली. टाचांचे बूट हातात घेऊन चालली होती.

तीन-चार ताफे बघून निघाले. लॅबमधल्या मुलाने बजावलं होतं की अकराच्या आत आल्फामात शीर, नंतर शिरताच येत नाही. तेही अर्धंच खरं निघालं, कारण अकराच्या आधीही शिरता येत नव्हतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि मागोमाग आलेल्या लाटांत, आगीत लिस्बनचा सखल भाग जमीनदोस्त झाला. तो पुढे सरळ रेषेत, चौकटीत बांधला गेला. आल्फामा टेकडीच्या उतारावर बरीचशी तगली. म्हणून तिथल्या गल्ल्या अजून अरबांच्या काळातल्या वळणाच्या: दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात सरकायचं. अशा गल्ल्यांत त्या रात्री अख्खं शहर उतरतं. चालायचं नसतं, गर्दी नेईल तिकडे जायचं. डोक्यावर झुरमुळ्या आणि रंगीत माळा, प्रत्येक कोपऱ्यावर वेगळा स्पीकर, आणि सगळ्यांवर पिंबा. पिंबा म्हणजे अकॉर्डियनच्या तालावरची द्व्यर्थी, चावट गाणी, जी एरवी शहाणीसुरती माणसं ऐकत नाहीत आणि या रात्री सगळ्यांना तोंडपाठ असतात. फादोची हळवी गाणी ऐकायला आलेल्या दोन इटालियन मुली माझ्या बाजूला कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या.

काही कामाच्या गोष्टी. सुटे पैसे भरपूर ठेवा. बहुतेक मांडवांवर कार्ड चालत नाही आणि लोक आपसांत ज्या ॲपने पैसे देतात ते पोर्तुगालच्या बँक खात्याशिवाय उपयोगाचं नाही. एटीएम ‘मल्टिबांको’ लिहिलेलं, बँकेच्या भिंतीतलं शोधा. पर्यटकांसाठी नाक्यानाक्यावर ठेवलेली मशिनं भरमसाट कापतात. बिअर हवी असेल तर ‘इंपेरियाल’ म्हणायचं, छोटा ग्लास येतो. मोठा घेऊ नका, गर्दीत सांडतो. मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ‘हरवलो तर फोन करू’ हा बेत करू नका. आणि बायकांनो, स्वच्छतागृह दिसलं की जाऊन या, गरज असो वा नसो. बऱ्याच घरांच्या दारावर पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं असतं, ‘डब्ल्यूसी १ युरो’. आत गेलं की कोणाचं तरी स्वयंपाकघर, टेबलाशी आजोबा टीव्हीवर मार्शा बघत बसलेले, आणि त्यांच्या मागून बाथरूमकडे जायचं. मी ‘बोआ नोइत’ म्हटलं. आजोबांनी टीव्हीवरची नजर न काढता मान हलवली.

सेंट स्टीफनच्या, म्हणजे सांतो इश्तेव्हांवच्या पायऱ्यांच्या खाली एका आडगल्लीत गर्दी थोडी विरळ झाली आणि मला हवी तशी शेगडी दिसली. अर्धं कापलेलं लोखंडी पिंप, खाली विटा, आत कोळसे. मागे सत्तरीतली एक आजी, निळा ॲप्रन, तोंडात न पेटवलेली सिगारेट. शेजारी नात, माझ्याच वयाची, पैसे घ्यायला. पाटीवर लिहिलेलं: पावावर सार्डिन ३ युरो.

आजीचं काम बघत राहावं असं होतं. दुहेरी जाळी होती, वहीसारखी उघडमीट होणारी. खालच्या जाळीवर एकाचं डोकं, दुसऱ्याची शेपटी असे सार्डिन लावायचे, वरून मूठभर जाडं मीठ अक्षता टाकावं तसं टाकायचं, जाळी मिटायची आणि निखाऱ्यावर ठेवायची. चरबी गळली की आग भडकते. मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला पाडलेल्या भोकांतून दोन शिंतोडे. पुठ्ठ्याने वारा घालायचा तो निखाऱ्यांना नाही, धुराला, म्हणजे शेजारच्या मांडवावर जाईल. जाळी एकदाच उलटायची. मासा आतून साफ केलेला नसतो. सबंधच्या सबंध, आतड्यासकट, तसाच भाजतात. आईची आठवण झाली.

मासा जाड पावाच्या तुकड्यावर येतो. काटा-चमचा नाही, ताटली म्हणजे तोच पाव. लिस्बनमध्ये म्हणतात की जूनमधला सार्डिन पावावर थेंब गाळतो. या महिन्यात तो चरबीने भरलेला असतो आणि पाव ती चरबी पितो. म्हणून आधी मासा, शेवटी पाव. माझ्या पुढे उभा असलेला उंच पोरगा मासा दोन्ही हातांत मक्याच्या कणसासारखा धरून काट्यांसकट चावत होता आणि दर घासाला खोकत होता. मी पहिला घेतला. अंगठ्याने साल बाजूला केली, वरची फाक उचलून खाल्ली, शेपटीकडून काटा धरला आणि डोक्यासकट एका ओढीत बाहेर काढला. खालची फाक स्वच्छ. पोट तेवढं कडेला सारलं.

आजी बघत होती. तिने नातीला काहीतरी म्हटलं.

‘ती विचारतेय, तू कुठली?’ नात इंग्रजीत म्हणाली.

‘भारत. गोव्याच्या जवळ.’ वेंगुर्ला सांगून उपयोग नव्हता.

‘आ, गोवा! कोश्ताचा गोवा,’ आजी म्हणाली. आंतोनियो कोश्ता आधी लिस्बनचा महापौर, पुढे २०१५ ते २०२४ देशाचा पंतप्रधान. त्याच्या वडिलांचं घराणं मडगावचं. आजीला त्याच्याबद्दल बरंच बोलायचं होतं, पण नातीने त्यातलं काही भाषांतर केलं नाही. मग आजीने माझ्या पावावर दुसरा सार्डिन ठेवला. मी पैसे काढले तर हात झटकला. ‘काटा नीट काढणाऱ्याला दुसरा फुकट,’ नात म्हणाली, ‘हा नियम तिने आत्ताच केलाय.’

चव सांगायची तर, मसाल्याची सवय असलेल्या जिभेला पहिला घास अळणी वाटतो. दुसऱ्या घासाला मीठ आणि धूर कळतो. तिसऱ्याला मला तिरफळांची आठवणही येईनाशी झाली, आणि हे मी घरी सांगणार नाही.

रिकामी बसलेली दिसले म्हणून असेल, थोड्या वेळाने माझ्या हातात सुरी आणि पावाची पिशवी आली. आजी मला ‘फील्या’ म्हणू लागली, म्हणजे पोरी, आणि मग बारा ते दोन मी त्या शेगडीमागे पाव कापत होते. त्या दोन तासांत जे कळलं ते मला कुठल्याही गाइडबुकात सापडलं नसतं. ज्या दारासमोर शेगडी मांडली होती ते आजीचं घर होतं. ‘होतं’ हेच खरं. तळमजल्याच्या दोन खोल्यांत तिने संसार केला, नातीची आई तिथेच जन्मली. मालक वारला, मुलांनी इमारत विकली, नव्या मालकाने भाडेकरूंना मुदत दिली. आता आजी नदीपलीकडे बारैरूला राहते. सण आला की मासे आणि बर्फाचे खोके घेऊन फेरीबोटीने येते. मांडवाचा परवाना महिनाभर आधी काढावा लागतो. कचेरीतली बाई ओळखीची आहे म्हणून जमतं, असं नात म्हणाली. बाजूच्या मांडवावर जिंजिन्या, म्हणजे चेरीची लालभडक दारू, विकणारा म्हातारा उत्तरेच्या उपनगरातून आलेला. समोर काल्दू व्हेर्द, बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप, वाढणाऱ्या दोघी बहिणी आणखी कुठून. एकमेकांना हाका मारत होते त्या जुन्या घरांच्या दारांवरून.

मला शिमग्याला मुंबईहून येणारे चाकरमानी आठवले. तीच घाई, तेच ‘केव्हा इलंस’, तेच गाव आपलंच आहे हे जरा जास्तच मोठ्याने सांगणं. फरक एवढाच की चाकरमान्याच्या खिशात घराची किल्ली असते. घर वर्षभर बंद असलं, कौलं फुटलेली असली, तरी कुलूप त्याचं. आजीच्या दाराच्या कडेला गजांवर नंबरवाल्या चार लहान पेट्या लटकत होत्या. पाहुण्यांना फोनवर आकडा कळवला जातो, पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, आत जायचं. मालकाचं तोंडही बघावं लागत नाही. महापालिकेने २०१८ मध्ये आल्फामासारख्या वस्त्यांत अशा घरांचे नवे परवाने थांबवले, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या रात्री वरच्या खिडकीतून दोघं गोरे पाहुणे आमचं शूटिंग करत होते. मग एकजण खाली आला, दाराबाहेर शेगडी बघून गोंधळला आणि अगदी नम्रपणे विचारता झाला की धूर खोलीत येतोय, थोडं पुढे सरकता येईल का.

नातीने भाषांतर केलं. आजीने सिगारेट तोंडातून काढली, त्याच्याकडे बघितलं, एक सार्डिन पावावर ठेवून त्याच्या हातात दिला आणि जाळी उलटली. तो तिथेच उभा राहून खाऊ लागला. तीन युरो मात्र त्याच्याकडून घेतले.

मी यात कोणाच्या बाजूची, हा प्रश्न मला पडला. आल्फामातलं भाडं परवडलं असतं तर आकडा फिरवून पेटी उघडणारी मीच असते. नातीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, ‘पाहुणे नसते तर आज तिचे मासे खपले नसते. आणि पाहुणे नसते तर तिला बोटीने यावंही लागलं नसतं.’ ती स्वतः कॉल सेंटरमध्ये कामाला आहे. मार्शेत नाचायची. ताफ्यातली अर्धी मंडळी आता बाहेर राहतात, म्हणाली, वसंतभर रात्री तालमीला येतात आणि शेवटची बोट चुकली की कोणाच्या तरी सोफ्यावर झोपतात.

दोनच्या पुढे गल्लीच्या वरच्या टोकाला आरडाओरडा झाला. मार्शा संपवून नाचणारे वस्तीत परतत होते, वेष अंगावर, रंग घामाने उतरलेला. शेगड्या सोडून सगळे पुढे झाले. मी पाव कापत राहिले, कारण गिऱ्हाइकं थांबली होती, आणि त्यातल्या एकाने मला पोर्तुगीजमध्ये झापलं की पाव पातळ कापतेस. मी इथली वाटले, यावर मी अजून खूश आहे.

निघताना नातीने मांजेरिकूचं कुंडं हातात दिलं. सणाला सगळीकडे विकतात ते हे रोपटं: टेनिसच्या चेंडूएवढं गोल, बारीक पानांचं, वर कागदी फूल आणि चार ओळींच्या कवितेचं निशाण. प्रियकराने प्रेयसीला द्यायचं असतं. नाक लावून वास घ्यायचा नाही, रोप मरतं म्हणतात. तळवा पानांवरून फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. फिरवला. सब्जाच. कवितेचा अर्थ विचारला तर नात म्हणाली, तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस.

मोरारियाच्या चढावरून चालत हॉस्टेलला पोचले तेव्हा उजाडत होतं. अंगाला, केसांना, पासपोर्टलासुद्धा माशांचा वास. खोलीतल्या नऊजणींपैकी सहाजणींना तोच वास होता, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

१३ ला शहराची सुट्टी. दुपारी सेच्या खालच्या अंगाला सांतो आंतोनियोच्या छोट्या चर्चला गेले. तो जिथे जन्मला असं मानतात त्याच जागी ते आहे. दारात लहान गोल पाव वाटत होते. हा पाव घरात ठेवायचा, वर्षभर अन्नाला तोटा पडत नाही. रांगेत माझ्यामागे एक पोक्त गोवेकर जोडपं निघालं, लिस्बनमध्येच स्थायिक. कोकणीत बोलताना ऐकून मी वळले. काकींनी विचारलं, शिवोलीचं सांत आंतोनचं चर्च पाहिलंयस? पाहिलं होतं, तिथल्या संताच्या हातात दोरीला बांधलेला साप आहे. ‘हांगा सोरोप ना,’ काकी जराशा नाराजीने म्हणाल्या, आणि काकांनी त्यांना पुढे सरकायला सांगितलं. पाचच्या सुमारास मिरवणूक निघाली: तोच संत, त्याच गल्ल्या, पण आता पिंबा नाही, बँड आणि प्रार्थना. रस्ते पहाटे पाण्याने धुतले होते तरी दगडांच्या फटींत खवले चमकत होते.

आजीची गल्ली मिरवणुकीच्या वाटेवर नव्हती. मी वाकडी वाट करून गेले. पिंप नव्हतं, विटा होत्या, चार पेट्या होत्या.

मांजेरिकूचं कुंडं बॅगेच्या मापात बसेना, म्हणून हॉस्टेलच्या काउंटरवर ठेवून आले. तिथल्या मुलाने नाक खुपसून वास घेतला. नातीशी अधूनमधून बोलणं होतं. गेल्या आठवड्यात तिने आजीचा निरोप कळवला: पुढच्या जूनला येणार असशील तर ११ लाच ये, मासे धुवायला हात कमी पडतात, आणि हॉस्टेलचे पैसे घालवू नकोस, बारैरूला सोफा आहे. मी विचारलं, मजुरी किती? उत्तर आलं: काटा काढून दाखवलास तर दुसरा फुकट. आईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘जातलंस तर तिरफळां घेवन जा, त्येंका खावक घाल.’